बॅटरी आणि कापसाची वात

आमच्या लोणावळ्याच्या प्रसूतिगृहात डॉक्टर आले की आम्ही नर्सा ताडकन उभ्या राहायचो. बसून राहायची ती एकटी सोनामावशी. वलवणची ही आया; तोंडात मिश्री आणि जिभेला हाड नाही. "मानूस आला का गाडी आली? उबं कशाला ऱ्हायचं?" हे ती डॉक्टरांना ऐकू जाईल इतक्याच हळू म्हणायची.

डॉक्टर एकदा पुण्याला मेंदूवरचं कसलंसं व्याख्यान ऐकून आले आणि जगातले सगळे मेंदू आपल्याला कळल्यासारखे वागू लागले. त्यातच बेडशाच्या हिराला सातव्या महिन्यात मुलगी झाली, जेमतेम ओंजळभर. डॉक्टरांनी खिडक्या लावून घेतल्या आणि पोरीच्या डोक्याला बॅटरी टेकवली. इवलंसं डोकं लाल उजळलं.

"आत पाणी आहे. मेंदू वाढलेलाच नाही. जगली तरी मतिमंद!"

मी मूर्खासारखी मान डोलावली. हिराची सासू म्हणाली, "मंग दूद कशाला वाया घालवायचं?" हिराने पोर छातीशी घट्ट धरली.

मावशीने डॉक्टरांच्या हातातली बॅटरी घेतली आणि आपल्या पंजाखाली धरली. बोटं लालभडक दिसली. "बगा, माज्या हातात बी पानीच हाय व्हय? अवो, दोन म्हैनं आदी आलीया ती. कातडं कवळं, हाडं कवळी. उजेड दिसनारच की! लय शिकलासा, पर पोराला कदी हात लावलाय का?" मग सासूकडे वळली, "आन् तू गं, घरी जा. हितं तुजं काम न्हाई."

पुढे कित्येक दिवस ती हिराचं दूध कापसाच्या वातीने पोरीच्या ओठांवर थेंबथेंब पिळत बसली.

सहा महिने झाले तरी पोर पालथी पडेना, म्हणून हिरा तिला दाखवायला घेऊन आली. डॉक्टरांना कोण आनंद! "बघा, मी म्हणालो नव्हतो?"

"दिवाळीला व्हायची हुती ती," मावशी म्हणाली. "दिवाळीपासनं मोजा. चारच म्हैनं झाल्यात."

पंधरवड्यात पोर पालथी पडली. डॉक्टरांना मीच सांगितलं, चांगलं मोठ्याने. त्यांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवलं.

मावशी शेवटी अंथरुणाला खिळली, घोट गिळवेना, तेव्हा मी वलवणला गेले. उशाशी हिराची लेक बसली होती, आता मॅट्रिक झालेली. दुधात बुडवलेली कापसाची वात तिने मावशीच्या ओठांवर धरली. वात तिरकी झाली, दूध हनुवटीवर ओघळलं.

मावशीने डोळे उघडले. "नीट धर गं. त्या डाक्टराचं खरं करू नगंस."