खंडेनवमीला धुतलेला ट्रक

आमच्या दादाचा ट्रक आजवर एकदाच बंद पडला, आणि तोही मी सासऱ्यांना शब्द दिल्यावर.

दसऱ्याला गारगोटीत सासऱ्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तीनशे माणसांच्या स्वयंपाकाची पातेली, कढया, शेगड्या आणि दोन आचारी कोल्हापुरातून न्यायचे होते. "दादाचा ट्रक हाय की आमच्या," असं मी छाती पुढं काढून सांगून बसलो होतो. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण सासऱ्यांनी जावयावर टाकलेलं हे पहिलंच काम!)

आदल्या दिवशी खंडेनवमी. ट्रक मी स्वतः धुतला, हळदकुंकू वाहिलं. बायकोनं दिसेल तिथं झेंडूच्या माळा चढवल्या. दसऱ्याला पहाटे भांडी चढली, आचारी चढले, दादानं चावी फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, भसाभसा काळा धूर ओकलं आणि गप्प झालं.

माझं डोकंच फिरलं. गाडी अशी ठेवतात का, म्हणून मी दादाला झापलं. शिवाजी पेठेत बंद गाडीभोवती माणसं गोळा व्हायला आमंत्रण लागत नाही. एकजण म्हणाला बॅटरी, मी बॅटरीवाल्याचा उद्धार केला. दुसरा म्हणाला डिझेलमध्ये भेसळ, मी पंपवाल्यावर केस करायला निघालो. शेवटी गॅरेजच्या मिस्त्रीला घरची पूजा अर्धी सोडून आणलं. तो म्हणाला, डिझेलच्या पाइपात हवा धरलीय, ती काढा. मग मी हातपंप मारमारून तळहाताला फोड आणले. इंजिन प्रत्येक वेळी खोकायचं, माझ्या नव्या सदऱ्यावर धूर सोडायचं आणि झोपायचं.

नऊ वाजता सासऱ्यांचा फोन आला. "पावणं, कुठवर आलाय?"

"कळंब्याच्या पुढं," मी पेठेतच ट्रकला टेकून म्हणालो.

एवढ्यात मिस्त्री धुराकडं बघत बसला होता तो उठला. "धूर काळा हाय. डिझेल पोचतंय, हवाच मिळंना झालीय," असं पुटपुटत तो केबिनमागं चढला. तिथं इंजिनाला हवा ओढायचं उभं नळकांडं असतं. त्यानं त्यावरची झेंडूची माळ काढली. खाली साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी निघाली, सुतळीनं तीन गाठी मारून गच्च बांधलेली.

"ही कुणी बांधली?" दादानं शांतपणे विचारलं.

मी, दुसरं कोण! धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून काळजीनं बांधली आणि सोडायची विसरलो. दोन तास आम्ही ज्या इंजिनातली हवा काढत होतो, ते बिचारं हवेवाचून गुदमरत होतं.

पिशवी सुटली आणि ट्रक पहिल्या चावीला सुरू झाला. तरी माझा संताप काही उतरेना. खाली काय आहे ते न बघता माळ घालायचीच कशी, असं मी बायकोला खडसावलं. ती केबिनमध्ये बसली, वडिलांना फोन लावला आणि सगळं अगदी सुतळीच्या गाठींसकट सांगितलं.

चार वाजता पंगत बसली. सासरे जिलबीचं ताट घेऊन थेट माझ्यापुढं आले. सगळे माझ्याकडंच बघत होते.

"जेवा पावणं, सावकाश जेवा," ते म्हणाले. "तोंडावर काय बांधलेलं न्हाय न्हवं?"

अख्खी पंगत हसली. असलं चोख उत्तर देणार होतो मी त्यांना! पण तोंडात जिलबी होती.