सालेहा आपाची अकरा सेकंदं

हदगावच्या बाजारात सालेहा आपाचं बांगड्यांचं दुकान माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे तिच्याकडे आलेल्या बाया कशावर हसतात नि कशासाठी डोळे पुसतात, हे मला बावीस वर्षं न विचारता कळत आलंय. नवरीचा हात हातात घेऊन आपा तिला बोलण्यात अशी गुंतवायची, की घट्ट मापाची बांगडी कधी चढली हे पोरीला कळायचंही नाही.

जुन्या बांगड्या उतरवण्याआधी ती मनगटाला हळदीचा दोरा बांधायची. सवाशिणीचा हात क्षणभरही ओका राहू नये म्हणून. स्वतः मुसलमान, पण या बाबतीत आमच्या बायांपेक्षा कडक.

गेल्या वर्षी कस्तुराबाई आल्या, सोबत सून पुनम. शेतीवाडीचं मोठं घर. कस्तुराबाईंच्या लग्नात आपाच्या सासूनं त्यांचे हात भरले होते, पुनमच्या लग्नात आपानं. कस्तुराबाईंचा हात सुजला होता, बांगड्या निघेनात. आपानं दोरा बांधला आणि चिमट्यानं एकेक बांगडी हलकेच वाढवली. फोडली म्हणायचं नसतं. मग सैल मापाच्या नव्या भरल्या. पुनमनं सगळं मोबाइलवर टिपलं आणि टाकलं. तिच्या रील्स बघून नांदेडच्या बायासुद्धा गाडी करून आपाकडे यायला लागल्या होत्या. माझीही चार पातेली जास्त खपायची, खोटं कशाला बोलू.

कुणीतरी त्यातली अकरा सेकंदं कापून वेगळी काढली. दोरा गेला, सूज गेली, नव्या बांगड्या गेल्या. उरले सवाशिणीचे हात, चिमटा आणि आपाचा चेहरा. खाली लिहिलं होतं, 'बघा, आपल्या बायांच्या बांगड्या कशा फोडतात.' दोन दिवसांत ते गावोगावच्या ग्रुपांवर फिरलं.

मी पुनमला फोन लावला. "अगं, पूर्ण व्हिडिओ परत टाक की!"

ती रडायलाच लागली. "काका, भेवानं डिलीट केला म्या. मोबाइलातूनबी काढला. घरचे म्हणले, नणंदेचं लग्न हाय, ह्यात आपलं नाव नको."

झालं! खरं होतं ते पुसलं गेलं, खोटं होतं ते फिरत राहिलं. इतका संताप आला की हातातलं झाकण मी फरशीवर आपटलं.

ऐन लग्नसराईत आपाच्या दुकानापुढं चिटपाखरू नव्हतं. फोन वाजला की शिव्या. वर्षानुवर्षं तिच्याकडून हात भरून घेतलेल्या बाया खाली मान घालून पुढं जायच्या. काही तर माझ्याकडे यायचंही टाळू लागल्या.

एका दुपारी कस्तुराबाई आल्या, पदर तोंडापर्यंत ओढून. "आपा, आमच्या लेकीचा, वर्षाराणीचा चुडा तूच भर. दुसरीच्या हातचा मला पटत न्हाई. पन मागच्या दारानं ये. अन् कुनी मोबाइल काढायचा न्हाई."

आपा यांना हाकलून देणार, असं मला वाटलं. आपा म्हणाली, "हाव, येते."

त्या गेल्यावर मी चिडलो, तर मलाच म्हणाली, "पोरीचा काय गुन्हा? तान्ही होती तवा काळ्या बांगड्या म्याच घातल्या तिला." पण तिची आस मला दिसत होती. एवढ्या मोठ्या घरानं बोलावलं हे चारचौघींत कळलं, की बाकीच्याही परत येतील. आठवडाभर ती काचेच्या बांगड्या निवडत, पुसत, माप जुळवत बसली होती.

लग्नानंतर पुनमनं फोटो टाकला. वर्षाराणीचे दोन्ही हात, हिरवागार चुडा. आपानं माझ्या मोबाइलवर तो निरखून पाहिला. "बरोबर बसलाय," ती म्हणाली. चेहरा खुलला होता.

खाली एकीनं विचारलं होतं, 'किती सुंदर! कुठं भरला गं?'

पुनमनं उत्तर दिलं होतं, 'नांदेडला, मोठ्या दुकानात.'

मी पटकन मोबाइल ओढला, पण आपाचं वाचून झालं होतं. माझं डोकं फिरलं. मी त्याखाली लिहायला घेतलं, 'हा चुडा हदगावच्या सालेहा आपानं भरलाय.'

आपानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "नको, सुदर्शन. तुझंबी दुकान हाय."

तिनं तसं म्हटल्याचं मला बरं वाटलं. याची लाज मला अजून वाटते. मी ती ओळ पाठवली नाही.