पंतप्रधानांकडे मी संडास मागितला

राष्ट्रगीत चालू होतं आणि माझ्या पोरीने हॉलमध्ये मुतलं.

सगळे उभे. ताठ. समोर एवढ्या मोठ्या पडद्यावर दिल्ली, नवीन पंतप्रधान शपथ घ्यायला आलेले, ते पण उभे, त्यांच्या बाजूचे पण उभे, आणि इथे कल्याणच्या आमच्या टॉवरच्या क्लब हाऊसमध्ये सगळी सोसायटी हात खाली सोडून उभी. मी मागे भिंतीला लागून, हातात पेढ्यांचा ट्रे. परी माझा ड्रेस धरून. चार वर्षांची आहे. तिने एकदा वर बघितलं माझ्याकडे, ओठ काढला, आणि मला कळलं. माझ्या पावलावर गरम लागलं. मग फरशीवर. पांढरी चकचकीत फरशी, दुपारी मीच पुसलेली. ते पसरत पसरत पुढे चाललं, पुढे मॅडम उभ्या होत्या, ज्यांच्याकडे मी कामाला, त्यांच्या सोनेरी चपलेकडे. मॅडमनी खाली बघितलं. हलल्या नाहीत. हलता येत नव्हतं ना. मी पण नाही हलली. ट्रे तसाच धरून. एकेक जण मान न वळवता डोळ्यांनी बघत होता आणि ते संपतच नव्हतं, देवा, संपतच नव्हतं.

संपलं. मॅडम टुणकन मागे झाल्या.

"राष्ट्रगीत चालू असताना? एवढं पण शिकवलं नाहीस पोरीला?"

मागून कोणतरी बोललं, "या लोकांचं असंच."

परी रडायला लागली. मी तिला दंडाला धरली आणि एक दिली पाठीत. माझ्या पोरीला. त्यांना दाखवायला दिली, की बघा, मी शिकवते.

आणि शिकवलेलं होतं. तेच सांगायचंय.

मी सातवी शिकलेली. आंबिवलीला चाळीत राहते, नवरा भिवंडीच्या गोडाऊनमध्ये माल चढवतो. या टॉवरमध्ये माझी चार घरची कामं होती, झाडू, लादी, भांडी, बाथरूम. एकेका घरात दोन दोन, तीन तीन बाथरूम. अ‍ॅसिड टाकून मीच घासायची. पण त्यात बसायचं नाही. कुठे लिहिलेलं नाही, कोण तोंडाने बोलत पण नाही. नवीन असताना एकदा मी विचारलं तर मॅडम गोड बोलल्या, "अगं, खाली आहे ना तुमच्यासाठी."

खाली आहे. मीटर रूमच्या बाजूला. बिल्डरने वॉचमन लोकांना आणि कामवाल्या बायांना म्हणून बांधलेला. त्याला कुलूप. बाया घाण करतात म्हणून सोसायटीने मीटिंग घेतली आणि कुलूप घातलं. चावी सेक्रेटरी साहेबांकडे. साहेब सकाळी ऑफिसला जातात, चावी पण ऑफिसला जाते. वॉचमन लोक भिंतीमागे जाऊन येतात. आम्ही कुठे जाणार?

म्हणून आम्ही पाणी पीत नाही. या टॉवरमधल्या सगळ्या बाया. हे मला सुनंदाताईने शिकवलं, ती जुनी आहे तिथे. घरून निघताना जाऊन यायचं आणि परत घरी पोचेपर्यंत घोट घ्यायचा नाही. कोणी चहा दिलाच तर बोलायचं, उपवास आहे. मॅडम लोकांना वाटतं आम्ही फार देवाधर्माच्या. सुनंदाताई हसते, बोलते, "काय करणार गं, आपले सोळा सोमवार रोजचेच."

मला लघवीला जळजळ सुरू झालेली. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण ओरडली, "पाणी का पीत नाहीस?" मी बोलली, तहानच लागत नाही.

परीला शेजारची मावशी सांभाळायची, ती गावाला गेली, मग मी परीला कामावर न्यायला लागली. मग तिला पण तेच शिकवलं. तिने पाणी मागितलं की मी डोळे वटारायची. हळूहळू मागायची बंद झाली. पोरं शिकतात लवकर. उन्हात तिचे ओठ फुटलेले, तर मी तूप लावायची. पाणी नाही द्यायची. तूप लावायची.

आणि त्या दिवसांत सगळीकडे एकच. आता बघ. आमच्या चाळीत पण नवीन पंतप्रधान म्हणजे जसा काय घरातलाच कोणीतरी कामाला लागला. नवरा बोलायचा, "आता बघ, गोडाऊनवाल्यांना पक्कं करणार." बाजूची बोलायची, "आता बघ, सिलेंडर उतरणार." मी पण मत दिलेलं. मला पण वाटायचं, आता बघ. काय बघ ते माहीत नव्हतं. पण रात्री पोरीला थोपटताना मला उगाच बरं वाटायचं, की वर कोणतरी नवीन आलाय, त्याला कळेल.

शपथविधीला मॅडमनी सांगितलं, संध्याकाळी थांब, हॉलमध्ये द्यायला-घ्यायला माणूस पाहिजे. नाही बोलता येतं का? थांबली. सकाळपासून घरी गेलेली नाही, पोरगी पण माझ्याबरोबर. तिथे दुसऱ्या मजल्यावरची एक आजी आहे, चांगली आहे ती, तिने परीला जवळ बोलावून कोकम सरबत दिलं. परीने एक संपवलं. आजी बोलल्या, "तहानलंय गं लेकरू," आणि दुसरं दिलं. मी लांबून डोळे वटारते तर पोरगी बघतच नाही माझ्याकडे. गटागटा. गटागटा.

थोड्या वेळाने आली. "आई, शू."

मी तिला घेऊन खाली पळाली. वॉचमन बोलला, "चाबी साब के पास है दीदी, मैं क्या करूँ?" परत वर पळाली. साहेब पहिल्या रांगेत बसलेले. मी वाकून बोलली, "साहेब, चावी, पोरीला..." त्यांनी पडद्यावरची नजर न काढता हाताने थांबवलं. "शपथ होऊ दे."

क्लब हाऊसला स्वतःचं बाथरूम आहे. तिथेच, दहा पावलांवर. दारावर बोर्ड, फक्त रहिवाशांसाठी. मला वाचता येतं. सातवी शिकली त्याचा तेवढाच उपयोग झाला. न शिकलेली असती तर घुसली असती पोरीला घेऊन. मी बोर्ड वाचला आणि भिंतीला लागून उभी राहिली. आणि राष्ट्रगीत चालू झालं.

ते पुसलं मी माझ्या ओढणीने. गुडघ्यावर बसून, सगळ्यांच्या पायात. मॅडम वरून बोलल्या, "फिनाईल टाक नंतर." मग शपथ झाली, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मीच वाटले. दोघीतिघींनी घेतले नाहीत माझ्या हातचे.

नंतर एका लोकल चॅनलची पोरगी आली, माईक घेऊन, एक कॅमेरावाला. नवीन पंतप्रधानांकडून तुमच्या अपेक्षा काय, असं सगळ्यांना विचारत होती. एक काका बोलले, "शिस्त पाहिजे देशाला, शिस्त." कोणी टॅक्सचं बोललं, कोणी रस्त्यांचं. मॅडम केस नीट करून पुढे झाल्या. बोलल्या, "स्वच्छता. बाहेरच्या देशात जाऊन बघा जरा. आपल्याकडे लोकांना कुठेही बसायची सवय आहे. ही सवय नवीन पंतप्रधानांनी मोडली पाहिजे."

टाळ्या.

माझी सलवार खालून ओली होती अजून.

चॅनलवाली बोलली, "एखादी कामवाली ताई पण घेऊया ना." मॅडमनी मला हाताला धरून ओढली. "ही घ्या. आमचीच आहे, अगदी घरच्यासारखी." आणि माझ्या कानात, "घाबरू नको. चांगलं बोल."

माईक तोंडाजवळ. लाईट डोळ्यात. "ताई, नवीन पंतप्रधानांकडून तुमची काय अपेक्षा आहे?"

माझी जीभ टाळूला चिकटलेली. सकाळपासून कोरडी. काय बोलायचं ते सुचेना, चांगलं म्हणजे काय ते सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "संडास."

मग हसले. सगळा हॉल. माईकवाली पण हसली, तोंडावर हात ठेवून. सेक्रेटरी साहेब मागून ओरडले, "अगं बाई, पंतप्रधान आहेत ते! हे नगरसेवकाला सांगायचं असतं!" आणखी हसले. शिस्तवाले काका बोलले, "येतील हो दिल्लीवरून टमरेल घेऊन!"

हसले त्याने काही नाही झालं मला. हसण्याची सवय आहे. मी मान खाली घालून निघणार होती. पण खाली बघितलं तर परी हसत होती. सगळे हसतात म्हणून ती पण. ओली चड्डी घालून, माझ्याकडे बघून, त्यांच्यासारखीच.

मग मला काय झालं माहीत नाही. आवाज फुटला माझा, चिरका, मलाच ओळखू येईना.

"चाळीतला नाही मागत. चाळीत आहे, लाईन लावून का होईना आहे. मी इथला मागते. खालचा. त्याला कुलूप पंतप्रधानाने नाही घातलं. नगरसेवकाने नाही घातलं. तुम्ही घातलंय. चावी या साहेबांच्या खिशात आहे, आत्ता आहे, बघा. माझी पोरगी नाही मुतली, तुम्ही मुतवलं तिला."

माईक खाली गेला. लाईट गेला. मॅडम बोलल्या, "आवाज खाली कर." मग बोलल्या, "एवढं केलं हिच्यासाठी." मी परीला उचलून कडेवर घेतली आणि त्या बोर्डवाल्या बाथरूममध्ये गेली. कडी लावली. तिला धुतली. मग मी बसली. बाहेरून कोणतरी दार वाजवत होतं. मी तिथेच बसली, आणि सगळं होईपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन बोलला, "ऐप से नाम निकाल दिया दीदी." गेटच्या मोबाईलमध्ये नाव नसलं की बाईला आत सोडत नाहीत. चारही कामं गेली.

चॅनलवर आलं ते फक्त संडास आणि हसणं. पुढचं कापलं. चाळीत सगळ्यांच्या मोबाईलवर. नळावर बाया बोलतात, "काय गं, आला का फोन दिल्लीवरून?" नवऱ्याने दोन दिवस तोंड नाही दाखवलं मित्रांना. बोलला, "सगळ्या दुनियेला सांगितलंस, माझ्या बायकोला हगायला जागा नाही म्हणून." सुनंदाताईचा फोन आला. वाटलं ती तरी बरं बोलेल. ती बोलली, "बरोबर बोललीस बाई. पण आता आम्हाला चावी मागायचं सोड, साहेबांकडे नुसतं बघायची पण चोरी झाली."

मला लाज वाटते. अजून वाटते. नळावर मान वर होत नाही. पण कसली वाटते ते मी नीट बघितलं. संडास बोलली त्याची नाही. पोरीच्या पाठीत दिली त्याची. आणि इतके दिवस मी दिल्लीकडे बघून आस लावत बसलेली आणि कुलूप माझ्या नाकासमोर होतं, रोज त्याच्या बाजूने जात होती, त्याची. तो नवीन माणूस चांगला असेल, वाईट असेल, मला काय माहीत. त्याला माझ्या पोरीची तहान कळणार नाही. ती मला कळायला पाहिजे होती.

परवा ठाकुर्लीला एका नवीन बिल्डिंगमध्ये कामाला विचारायला गेलेली. परीला घेऊन. बाई बोलल्या, "किती वाजता येशील?" मी आधी विचारलं, "मी बाथरूम कुठलं वापरायचं?"

त्या बोलल्या, "आमचं नाही हं देत आम्ही. तू काम बघ ना."

मी चप्पल घातली. घरात पीठ संपत आलेलं, नवऱ्याला काय सांगू ते कळत नव्हतं. त्याच बिल्डिंगमध्ये दुसरं दार वाजवलं. तिथे पण तेच विचारलं. तिथे पण नाही.

उद्या आणखी एकीकडे बोलावलंय. तिथे पण पहिलं तेच विचारणार. भीती जात नाही माझी, भीत भीतच विचारणार. पण जे बाथरूम मला वापरता येत नाही, ते मी घासणार नाही.