वडिलांची कॉम्प्युटरची वही

आमच्या चारकोपच्या घरात कॉम्प्युटर एकच. सकाळ-संध्याकाळ तो माझा आणि दुपारी चार ते पाच वडिलांचा. चारला ते मुलुंडच्या आपल्या जुन्या ऑफिसमित्राशी बुद्धिबळ खेळतात. मित्राचं खुब्याचं हाड मोडलंय, गडी पलंगावर पडून. तो तासभर सोडला तर त्याला दिवसभर छतच बघायचं असतं.

वडील हे सगळं सत्तरी उलटल्यावर शिकले, तेही कचेरीच्या पद्धतीनं, दोनशे पानी वहीत लिहून. ‘१. बटण दाबणे. २. चित्र येईपर्यंत कशालाही हात न लावणे.’

दिवाळीआधीचा रविवार होता, वडिलांच्या खेळाला सुट्टी. बायको माळ्यावर चढून साफसफाई करत होती आणि मी कॉम्प्युटरसमोर.

“तू काय करतोयस रे?”

“मीसुद्धा सफाईच करतोय.”

खोटं नव्हतं ते. आमचा कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतो. त्याचा कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुकादम, डिस्कपासून कीबोर्डापर्यंत सगळ्यांना कामाला लावणारा. तयार मिळतो तो कुणालाही होईल असा ढगळ. मी आपल्या मापाचा शिवायला घेतला. जगभरच्या सुट्या भागांच्या लांबलचक यादीतलं एकेक नाव वाचायचं आणि ‘हे आपल्याकडे कुठाय?’ म्हणून उडवायचं. असा कर्नल मशीन झटक्यात सुरू करतो, आणि ऑफिसात दोन लोकांसमोर ते सहज बोलल्यासारखं सांगता येतं. तीन तासांनी तो तयार झाला. सफाईच्या भरात मी जुना पुसून टाकला. ‘कधीतरी लागेल म्हणून ठेवायचं नाही’ हा माळ्याचा नियम मी कर्नललाही लावला. निदान एकदा मशीन सुरू करून बघायचं ना! पण बायकोनं डबे उतरवायला हाक मारली आणि मी ते बंद करून उठलो.

सोमवारी सव्वाचारला ऑफिसात वडिलांचा फोन.

“अरे, काळा पडदा आलाय. इंग्रजी अक्षरं पळाली आणि थांबली. मी काहीतरी बिघडवलंय बहुतेक.”

मला त्या क्षणी ठाऊक होतं कुणी बिघडवलंय. आणि मी काय म्हणालो? “असू दे बाबा, येऊन बघतो.” म्हणजे माफसुद्धा करून टाकलं त्यांना!

पडद्यावर लिहिलं होतं की डिस्क सापडत नाही. मी केबल काढून लावली. पेनड्राइव्हवरून मशीन चालवून डिस्क तपासली, ती ठणठणीत. सुरुवातीच्या आज्ञा बदलून पाहिल्या. मंगळवारही त्यातच गेला. वडील मागे खुर्चीत वही उघडून बसलेले, बोटानं ओळीन् ओळ तपासत.

“सातवी पायरी मी गाळली असेन का रे?”

“बघतोय ना बाबा.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “रविवारी तूच काहीतरी करत होतास ना?”

“ते वेगळं,” मी म्हणालो. मान वर न करता.

बुधवारी चारला वडिलांनी मुलुंडला फोन लावला. मी रजा टाकून घरीच होतो, त्यामुळे ऐकावं लागलं. “आजही नाही जमणार. माझ्या हातून मशीन बिघडलं. पोरगा बिचारा रजा काढून झटतोय.”

तो बिचारा पोरगा तेव्हा यादी पुन्हा वरून वाचत होता, आणि तिथंच सापडलं. डिस्क ओळखणारा लहानसा प्रोग्राम मी कर्नलच्या पोटात न ठेवता डिस्कवरच ठेवला होता. कपाटाची किल्ली कपाटात टाकून दार ओढून घ्यावं, तसं. एक खूण बदलली, कर्नल पुन्हा बांधला. संध्याकाळी मशीन सुरू झालं. पूर्वीपेक्षा चार सेकंद लवकर.

“काय झालं होतं?” वडिलांनी पेन उघडून विचारलं. त्यांना पायरी लिहून घ्यायची होती.

थाप तयार होती, दिवाळीत विजेचा दाब कमीजास्त होतो वगैरे. पण वही उघडी होती आणि त्यात त्यांच्या रेखीव अक्षरात सोमवारच्या तारखेनं लिहिलेलं मला दिसलं: ‘शनिवारी घाईत बंद केला. बहुधा माझीच चूक. यापुढे मुलगा घरी असतानाच लावणे.’

मी सगळं सांगितलं. रविवारपासून. फोनवर गप्प बसलो तेही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “तीन दिवस ही वही पाठ करतोय रे मी.”

“ते खोडून टाका ना बाबा.”

“मी कशाला? एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि बाजूला सही कर. ज्याची चूक त्याची सही, आमच्या कचेरीत तसंच असतं.”

मी रेघ मारली, पूर्ण सही केली. त्यांनी खाली तारीख घालायला लावली. मग फोन माझ्या हातात दिला.

“आता मुलुंडला तूच सांग.”