आत्याने जोडलेला राजा

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी मूकपटांच्या स्टुडिओत कपडे शिवायची. स्टुडिओ एका बाईंचा. दिग्दर्शनही त्याच करायच्या, म्हणून बाहेरचे लोक नाकं मुरडायचे आणि आतले झाडून सगळे त्यांना वचकून असायचे. आत्याचा टाका इतका बारीक, की बाईंनी तिला शिलाई मशीनवरून उठवून फिल्म जोडायला बसवलं.

महिन्याभरातच तिने घोळ घातला. राजा घोड्यावरून तळ्यात पडतो, तो तुकडा तिने शेपटाकडून, म्हणजे शेवट आधी करून, जोडला. बाईंनी चार पाहुणे बोलावून चित्रपट लावला, तर पडद्यावर तळं वर, आभाळ खाली. तळ्यातून राजा टपकला आणि कोरडा ठणठणीत होऊन थेट घोड्यावर जाऊन बसला. घोड्याचे चारही पाय वर. पाहुणे हसून हसून खुर्चीवरून घसरले. आत्या कपड्यांच्या पेटाऱ्यामागे जाऊन लपली.

बाई शोधत आल्या. "कुणाचं काम हे?"

"माझंच, बाई. चुकलं."

"चुकलंच. पण हेच मुद्दाम करता येईल का तुला?"

आत्याच्या तोंडून निघून गेलं, "येईल की. पण मग एका राजावर भागायचं नाही."

बाईंनी उरलीसुरली कोरी फिल्म तिच्या ओटीत टाकली आणि सांगितलं, "कर तुझा तू चित्रपट."

आत्याने शिंप्याच्या दुकानाचा दहा मिनिटांचा चित्रपट रचला. त्यात कपडे ढिगातून उडून आपले आपण बायकांच्या अंगावर चढतात. त्यासाठी बायका कपडे भिरकावताना कॅमेरा उलटा धरून, तो तुकडा मग शेपटाकडून जोडायला हवा होता, म्हणजे चित्र सुलट आणि हालचाल तेवढी उलटी. मिशीवाले कॅमेरामन अडून बसले. "मी कॅमेरा उलटा धरणार नाही."

"मग तुम्ही उलटे व्हा, दादा," आत्या म्हणाली.

त्यांनी कॅमेरा उलटा केला. चित्रपट मुका, त्यामुळे आत्या मनसोक्त ओरडून सूचना द्यायची. दुसऱ्या दिवशी घसा बसला, तेव्हा कात्रीने डबा बडवून तिने शिवणखात्यातल्या सगळ्या बायकांना नाचवलं. चित्रीकरणाच्या चार दिवसांत तिला धड जेवायचीही शुद्ध नव्हती.

पहिल्या खेळाला माझी आजी पुढच्या रांगेत बसली होती. चांगल्या घरच्या मुली सिनेमात जात नाहीत, असं वर्षभर ऐकवणारी आजी. पडद्यावर अक्षरं उमटली: दिग्दर्शिका, आणि खाली तिच्या लेकीचं नाव. आजीने ते मोठ्याने वाचलं. मागून कुणी "शू" केलं, तर उभी राहून, मागे वळून, त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

आत्या बाहेर पळाली आणि रस्त्यावर एकटीच पोट धरून हसत राहिली.