काचेच्या पेटीतलं शेवाळ

आई गेली त्याच वर्षी, दिवाळीनंतर बाबा मुंबई सोडून कायमचे घरी आले. तेव्हा आगबोट वेंगुर्ल्याच्या बंदराबाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. बाबांनी ट्रंक खलाशाकडे दिली होती, पण गोणपाटात गुंडाळलेलं एक बोजड काहीतरी स्वतःच्या मांडीवर घट्ट धरलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी काही आणलं असेल. घरी येऊन गोणपाट सोडलं तर आत लोखंडी चौकटीची, दोन फूट लांब, रिकामी काचेची पेटी.

बाबा मुंबईत एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात कामाला होते. तिथल्या दिवाणखान्यात माशांच्या सहा पेट्या होत्या आणि त्या सांभाळणं हे बाबांचं काम. मालक वारले, मुलांना त्यात रस नव्हता, म्हणून बाबा निघताना त्या मुलांनी एक पेटी त्यांना देऊन टाकली. वीस वर्षांच्या नोकरीतून बाबांनी घरी आणलं ते एवढंच.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि गावच्या शाळेत शिकवत होते. तोवर माझ्यासाठी बाबा म्हणजे मे महिन्यातले पंधरा दिवस आणि चतुर्थीचे पाच. आता ते समोर बसून जेवायचे आणि आम्हा दोघांनाही बोलायला काही सुचायचं नाही. शेजारच्या काकी आल्या की त्यांच्याशी बोलत असल्यासारखं करून आम्ही एकमेकांशी बोलायचो.

पेटीनं ते सोपं केलं. एका रविवारी बाबा मला वालावलला घेऊन गेले. देवळाजवळच्या तळ्यात ते धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. हिरव्या फितीसारखी लांब पानं असलेली झाडं मुळांसकट उपटून मला दाखवत म्हणाले, "मुळां पांढरी व्हयी. काळी पडलेली घेव नको." आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून ती घरी आणली, नदीची वाळू आठ पाण्यांनी धुतली आणि तीत लावली. काकींच्या विहिरीतले दहा-बारा गप्पी मासे आणून सोडले. पेटी खिडकीपासून चार हात लांब ठेवली. मी म्हटलं, खिडकीत छान दिसली असती. बाबा म्हणाले, "थंय उनात ठेवलंस तर आठ दिवसांत शेवाळ धरतला."

शेवाळ धरलंच, पण माझ्यामुळे. माशांना भूक लागेल म्हणून मी शाळेत जाताना मूठभर भात टाकायचे. पंधरवड्यात काच हिरवी झाली आणि पानांवर केसांसारखे तंतू लोंबायला लागले. बाबा रागावले नाहीत. नारळाच्या काथ्याळ सोडणाचा तुकडा घेऊन त्यांनी मला काच घासायला शिकवलं. रबरी नळीनं तळाचा गाळ ओढून घ्यायचा, दर रविवारी पाव पेटी पाणी बदलायचं, कुजकं पान दिसलं की लगेच काढायचं, मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच खायला घालायचं.

"शेवाळाक मारूक जाव नको," ते म्हणाले. "झाडां बरी वाढव. झाडां पोटभर जेवली काय शेवाळाक कायच उरणा नाय."

दोन वर्षं त्या पेटीत काचेसारखं पाणी होतं. झाडांना धुमारे फुटले, पानं वर येऊन पाण्यावर आडवी पसरली. मी शाळेतून आले की आम्ही दोघं तिच्यासमोर बसून चहा प्यायचो. त्या बसण्यात बाबांनी मला त्यांची मुंबई सांगितली, आईची आठवण सांगितली, एकदा स्वतःच्या एकटेपणाबद्दलही बोलले. माझे वडील मला चोविसाव्या वर्षी मिळाले, असं मी मनात म्हणायचे.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर ते म्हणाले, "बाय, पाणी हिरवा दिसता."

मी वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. तसं सांगितलं. त्यांनी काच घासली. दोन दिवसांनी परत घासली. संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणून ते बाम चोळून पडायचे, आणि एकदा म्हणाले की कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं. मी कंदिलाची काच राखेनं घासून पुसली आणि विसरून गेले.

मग त्यांनी शेवाळाचा ध्यासच घेतला. खिडकीला गोणपाट लावलं. आठवड्यातून तीनदा अर्धं पाणी बदलायला लागले. माशांचं खाणं बंद केलं. आधीच आषाढातला अंधार, त्यात ते गोणपाट. झाडं पिवळी पडली, पानं काचेसारखी पारदर्शक होऊन तुटायला लागली. एका दुपारी मी घरी आले तर बाबा उरलेली झाडं उपटून त्यांची मुळं धूत बसले होते. त्यातल्या एकाचंही मूळ पांढरं राहिलं नव्हतं.

माझा तोल गेला. "बाबा, पाण्यात शेवाळ नाय आसा. कधीच नाय होता. तुमीच सगळा मारून टाकलास."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. ते माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. चहा दिला तेव्हा त्यांनी हात पुढे केला तो कपाच्या बाजूला, हवेत.

तेव्हा मला कळलं.

बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला दोन दिवस गेले. डॉक्टर शांतपणे विचारत होते, "डोकं दुखायचं का? दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसायची? किती दिवसांपासून?" मीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकते का, बघू." मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "आधी आला असतात तर बरं झालं असतं."

परतताना आंबोलीत गाडी थांबली. बाबांनी विचारलं, "धुका आसा काय गो?" "होय, दाट आसा," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. घाट उतरलो, ऊन पडलं, भातशेतं लखलखीत दिसायला लागली. बाबा म्हणाले, "धुका अजून गेला नाय." मी त्यांचा हात धरला.

उरलेली नजर वर्षभरात गेली.

मी एकटीच वालावलला जाऊन नवी झाडं आणली. गोणपाट काढलं. बाबा पेटीत हात घालून प्रत्येक झाड चाचपायचे. कुठलं पान कुजायला लागलंय, ते त्यांना बोटांनी कळायचं. काचेवर बुळबुळीतपणा यायला लागला की मला दिसण्याआधी ते सांगायचे, "हय घास." आणि खरंच, चार दिवसांनी तिथंच हिरवट डाग उमटलेला असे. झाडं परत वाढली. मला वाटतं, आधीपेक्षाही चांगली वाढली.

एकदा पान चाचपता चाचपता त्यांनी विचारलं, "त्या पावसात पाणी खरांच साफ होता?"

होय म्हणावं, तर त्यांनी आपल्या हातानं झाडं उगाच मारली असं होत होतं. आणि साफ पाणी ज्यांना हिरवं दिसतं त्यांच्या डोळ्यांकडे मी कधी पाहिलं नाही, हेही त्यातच होतं.

"थोडा शेवाळ होता, बाबा," मी म्हटलं. "माकाच दिसला नाय."

त्यांनी बोटांतलं पान अलगद सोडलं. मग म्हणाले, "तुजी नजर बरी आसा गो, बाय. सांभाळ." माझं खोटं त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

ते आणखी चार वर्षं जगले. एका सकाळी न्हाऊन आले, खुर्चीत बसले आणि गेले. माणसं जमली. खोलीत जागा हवी म्हणून दोघांनी भरलेली पेटीच उचलली. पाण्याच्या वजनानं तळाची काच तडकली आणि सगळं जमिनीवर आलं. वाळू, झाडं, मासे. कुणीतरी मासे गोळा करून विहिरीत नेऊन सोडले. मी तोवर रडले नव्हते. त्या ओल्या वाळूत बसून मला असं रडू फुटलं की आवरेना.

काकी जवळ येऊन बसल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "गो, काचेसाठी कित्याक रडतस?"

मी पदरानं डोळे पुसले आणि फुटलेले तुकडे वेचायला लागले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.