मागच्या बाकाचं इंग्रजी

“शी डिड इट बिहाइंड माय बॅक.”

मुख्याध्यापिका मॅडम हे बोलताना माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांच्यासमोर शिक्षण विभागाचे साहेब बसलेले. भिंतीला टेकून, तक्रार घेऊन आलेली मानसीची आई उभी. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मलाही नाही.

साहेबांनी तिला मराठीत सांगितलं, “मॅडम म्हणतात, या टीचरने त्यांना न विचारता परस्पर केलं.”

ती माझ्याकडे वळली. “तुमीच बसवलं ना बाई माझ्या पोरीला मागं?”

मी हो म्हणाले. बसवलं मीच होतं.

माझ्या पहिलीच्या वर्गात आरटीईची सहा मुलं होती. कायद्याने फुकट प्रवेश मिळालेली. मानसी त्यातली, काशीगावची. शाळा सुरू होऊन आठवडा झाला आणि मॅडमनी मला बोलावलं. “त्यांना बॅकला बसव. बाकीचे पेरेंट्स कम्प्लेंट करतायत.” मी चाचरले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “डोन्ट वरी. आय हॅव गॉट युवर बॅक.”

मी मराठी शाळेत शिकलेली. वडील परभणीहून आले, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करत राहिले. स्टाफरूममध्ये माझ्या इंग्रजीला हसायचे. मॅडम कधी हसल्या नाहीत. चुका एकटीला गाठून सांगायच्या. म्हणून मी त्यांना मानायचे. त्यांच्या वाक्याचा अर्थ मी मोबाइलवर बघितला. मी तुझ्या पाठीशी आहे. घरी जाऊन आईला कौतुकाने सांगितलं.

आणि दुसऱ्या सकाळी सहा दप्तरं उचलून शेवटच्या बाकांवर ठेवली.

“टीचर, मी काय केलं?” मानसीने विचारलं.

“गो बॅक,” मी म्हणाले. इंग्रजीत. मराठीत माझी जीभ रेटली नसती. माझ्या वडिलांना त्यांच्या गावच्या शाळेत दाराशी बसवायचे. त्यांनी मला ते कितीदा सांगितलंय. ते माहीत असून मी बसवलं.

साहेब आणि मानसीची आई गेल्यावर मॅडमनी दार लावलं. आता मराठीत, गोड आवाजात.

“लिहून दे, निर्णय तुझाच होता म्हणून. थोडे दिवस घरी बस. प्रकरण थंड झालं की वुई विल टेक यू बॅक.”

“मॅडम, सांगितलं तुम्ही होतं.”

“डोन्ट टॉक बॅक! तुमच्यातल्या मुलीला इंग्लिश मीडियममध्ये कोण उभं करतं गं? मी केलं.”

तुमच्यातल्या.

खांद्यावरचा तो हात मला तेव्हा कळला. एकच शब्द, बॅक. त्यांना हवा तेव्हा पाठीशी, हवा तेव्हा पाठीमागे, हवा तेव्हा ढकलून द्यायला. मुलांनी कुठे बसायचं तेही त्या ठरवणार, शब्दाचा अर्थही त्याच. मी बापडी मोबाइलमध्ये अर्थ शोधत होते!

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर मी लिहिलं. मराठीत. ‘मुलांना मागे बसवायला मुख्याध्यापिकांनी सांगितलं. मी बसवलं. दोघी गुन्हेगार आहोत.’ खाली सही. त्याचा फोटो काढला आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो फाडला. मी फोटो शिक्षण विभागात नेऊन दिला.

नोकरी त्याच दिवशी गेली. आई रडली. म्हणाली, गप्प राहिली असतीस तर?

मी काशीगावला गेले. मानसीच्या आईने दारातच अडवलं.

“माफी मागायला आलेय,” मी म्हणाले.

“माफी नको मला. सगल्यांच्या समोर बोलशील का?”

“बोलेन.”

तिने आत बोलावलं नाही. योग्यच केलं. तिने मला माफ करावं असं मी काहीच केलेलं नाही.

सोमवारी चौकशी आहे. मॅडम इंग्रजीत बोलतील, छान बोलतील. मी मराठीत बोलणार. आधी माझा गुन्हा सांगणार, मग त्यांचा. साहेबांनी दोन्ही लिहून घेतल्याशिवाय मी त्या खोलीतून हलणार नाही.